मुलांच्या हाती प्रवासाचा बेत



मी सातवी शिकलेली. चार शब्दच सांगते. आमची मुलगी जूनमध्ये पुण्यास शिकावयास जाणार. परक्या गावी वाट काढण्याची सवय घरच्यांच्या सोबतीतच लागावी, म्हणून मे महिन्यातील प्रवासाचा बेत तिच्यावर नि धाकट्या भावावर सोपविला. तिने नकाशा धरला, त्याने हिशेबाची वही. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. जयगडला मोटार फेरीबोटीत चढवून शास्त्रीच्या खाडीपलीकडे तवसाळ. पुढे हेदवी, गुहागर. धोपाव्याहून दुसऱ्या बोटीने वाशिष्ठी ओलांडून दाभोळ. बोटींच्या वेळा, तिकिटे सारे तिनेच विचारले. हे गाडीतच बसून राहिले. भगिनींनो, मुलींना डबे भरण्याबरोबर वाटही विचारू द्या. उद्या त्या एकट्या निघतील, तेव्हा आपल्याला घरी सुखाने झोप लागेल.