हातातील फोन आणि गावातील रोजगार



यंत्र आले की माणसाचे काम जाते, ही भीती खेड्यांतील तरुणांच्या मनात घर करून आहे. ती सर्वस्वी अनाठायी आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु आफ्रिकेतील केनिया या देशात यंत्रानेच नवे काम निर्माण केले आणि तेही जेथे बँक पोहोचली नव्हती अशा गावांत.

मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीने तेथे ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. ‘पेसा’ म्हणजे स्वाहिली भाषेत पैसा; हा शब्द आपल्या कानांस परका वाटत नाही. नैरोबीत नोकरी करणारा मुलगा जवळच्या दुकानदाराकडे रोख रक्कम देतो. दुकानदार तेवढीच रक्कम आपल्या फोनवरील खात्यातून मुलाच्या खात्यात वळती करतो. मुलगा ती आईच्या फोनवर धाडतो आणि आई गावच्या दुकानात ओळखपत्र दाखवून रोख पैसे घेते. या सर्वांस साधा बटणांचा फोन पुरतो. कंपनीकडून मिळणारे कमिशन ही दुकानदाराची कमाई होय.

तवनीत सुरी व विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या सेवेमुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्यातून वर आली आणि सुमारे १ लाख ८५ हजार स्त्रिया शेती सोडून व्यापार-व्यवसायाकडे वळल्या, असा त्यांचा अंदाज आहे.

मात्र या धंद्यातील खरी अडचण भांडवलाची आहे. शहरात लोक पैसे भरतात, गावात ते काढतात. साहजिकच गावच्या दुकानदाराच्या फोनवर रक्कम साचत जाते आणि गल्ला रिकामा होतो. रोख आणण्यासाठी दुकान बंद करून शहर गाठावे, तर तेवढ्यात आलेले गिऱ्हाईक परत जाते. फोन चालविणे कोणताही होतकरू तरुण चार दिवसांत शिकेल. पण दोन्हीकडे पुरेल एवढी रक्कम गुंतविणे थोड्यांनाच साधते. प्रशिक्षणवर्ग भरविणाऱ्यांच्या ध्यानी ही गोष्ट सहसा येत नाही.

भारतात जानेवारी २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. त्याच वर्षी सामायिक सेवा केंद्रांच्या योजनेस मंजुरी मिळाली. अशा केंद्रांतून दाखल्यांचे अर्ज भरले जातात, विजेची बिले स्वीकारली जातात आणि बोटाच्या ठशावर खात्यातील पैसेही देता येतात. गावातील शिकलेल्या मुलामुलींना गावातच मिळालेले हे काम आहे. येथेही गाठ त्याच अडचणीशी पडते. वृद्ध आजीने ठसा दिला, निवृत्तिवेतनाची रक्कम केंद्रचालकाच्या खात्यात जमाही झाली, पण पेटीत रोख नसेल तर त्याला सकाळची पहिली बस धरून तालुक्याच्या बँकेत जावे लागते. बँकांच्या स्थानिक शाखांनी अशा तरुणांस अल्प मुदतीचे खेळते भांडवल दिले, तर ही एक खेप तरी वाचेल.