ठाण्यात सूर्य, कल्याणला नेपच्यून



शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह शेजारी शेजारी बसलेले असतात. कागद लहान, त्याला इलाज नाही. पण आपल्याकडे ठाणे-कल्याण रेल्वेमार्ग आहे. १८५४ साली सुरू झालेला, सुमारे २० किलोमीटरचा. त्यावरच सूर्यमाला मांडू या.

ठाणे स्टेशनात सूर्य ठेवा, दुमजली घराएवढा. बारा डब्यांच्या लोकलच्या लांबीवर बुध येईल. पाचशे मीटरच्या आतच शुक्र. सातशेच्या आत आपली पृथ्वी, मोठ्या लिंबाएवढी. एक किलोमीटरवर मंगळ, आवळ्याएवढा. संपले चार ग्रह, आणि कळवा अजून आलेलं नाही! गुरू पारसिकच्या डोंगराजवळ, शनी मुंब्र्याच्या आसपास. मग दिवा मोकळंच जातं. युरेनस थेट कोपरजवळ, आणि नेपच्यून कल्याणच्या फलाटावर, फुटबॉलएवढा. २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळलेला प्लूटो सरासरी अंतरानं अंबरनाथला. या मापात प्रकाशाचा वेग माणसाच्या चालीएवढा होतो; ठाण्याहून कल्याणला जायला त्याला चार तास लागतात.

अर्थात ग्रह असे एका रांगेत कधी उभे नसतात. प्रत्येक जण ठाण्याभोवती आपापल्या अंतरावरून फिरतो. शुक्र आपल्या आतल्या बाजूला, म्हणून तो पाहायचा तर तोंड ठाण्याच्या दिशेलाच ठेवावं लागतं. डोंबिवलीच्या गॅलरीतून तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसतो, मध्यरात्री कधीच नाही, त्याचं कारण हेच. गुरू आणि शनी बाहेरच्या बाजूला, म्हणून ते मध्यरात्रीही माथ्यावर असू शकतात.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीची तीन स्थळं पत्रिकेतल्या मंगळामुळे परत गेली. तिच्या वडिलांना मी हीच मांडणी कागदावर काढून दाखवली. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही लिंबापासून आवळा अडीचशे मीटर लांब असतो. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या लांबून त्याला आमचं घर कसं सापडलं?"

चौथ्या स्थळाला त्यांनी पत्रिका दिली नाही. लग्न झालं, दोघं सुखात आहेत.

मंगळ पाहायचा असेल तर गच्चीवर जा. तांबूस, न लुकलुकणारा ठिपका शोधा. तो भिण्याचा नाही, बघण्याचा ग्रह आहे.