मालकाची नोटीस आणि आपली सही
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला सांगितले, कामगार कपातीच्या कायद्यावर बोला. आम्ही काही वकील नाही. साच्यावर उभे राहून पाळ्या केल्या आणि घरी येऊन कायद्याची पुस्तके चाळली, तेवढ्याच शिदोरीवर बोलतो.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून काही दिवस घरी बसवणे. नोकरी शाबूत असते. टाळेबंदी म्हणजे तंट्यात मालकाने गेटला कुलूप घालणे. आणि कपात म्हणजे हजेरीपटावरून नाव कायमचे जाणे. वस्तीत तिन्हीला "काढलं" एवढंच म्हणतात. पण तिन्हींचे हक्क वेगळे आहेत. आज कपातीपुरतेच बोलतो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीचे कलम सुरुवातीला नव्हतेच. १९५३ साली कापडाचे साठे पडून राहिले, गिरणी कामगारांवर बेकारीची पाळी आली, तेव्हा ते घालावे लागले. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कारण लिहून एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. वीस वर्षे नोकरी झाली तर तीनशे दिवसांचा पगार, हा हिशेब तोंडपाठ ठेवा.

पुढे १९७६ साली मोठ्या कारखान्यांसाठी खास प्रकरण आले. ३०० किंवा जास्त कामगार असतील तर तीन महिन्यांची नोटीस आणि वर सरकारची आगाऊ परवानगी. १९८२ च्या दुरुस्तीने ही संख्या १०० वर आणली. ती १९८४ पासून लागू झाली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदा गेला आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिच्यात ही संख्या पुन्हा ३००! म्हणजे दीडशे-दोनशे माणसांचा कारखाना तीन महिन्यांच्या नोटिशीतून आणि परवानगीतून सुटला. तिथे राहिली ती एक महिन्याची नोटीस आणि भरपाई. आपल्या वस्तीतली किती पोरं तीनशेच्या वरच्या कारखान्यात आहेत, जरा मोजून पाहा. त्यातही ठेकेदाराच्या माणसांना मालक आपल्या मोजणीत धरायला तयार नसतो.

परवानगीतही एक मेख आहे. मालकाचा अर्ज पोहोचल्यावर सरकार ६० दिवस गप्प राहिले तर परवानगी मिळाली असे धरतात. आमच्या मते या कायद्यातले हे सर्वांत घातक वाक्य. अर्जाची प्रत कामगारांना देणे मालकावर बंधनकारक आहे. ती हातात पडल्या दिवशीच युनियनने हरकत लिहून द्यावी, पोच घ्यावी. परवानगी न घेता कपात केली तर ती बेकायदा ठरते आणि कामगाराचे सगळे हक्क कायम राहतात.

उलट बाजूही बघा. नव्या संहितेत संपासाठी कामगारानेसुद्धा १४ दिवस आधी नोटीस द्यायची आहे, कारखाना कुठलाही असो. संपाला असे कायद्याने बांधायला निघालेल्या मुंबई सरकारच्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी १९३८ साली कायदेमंडळात आवाज उठवला आणि ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप घडवला. हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

आता खरी गोष्ट. एवढा कायदा असताना मुंबईच्या गिरणगावातून हजारो माणसे बाहेर पडली कशी? बऱ्याच जणांना कपातीची नोटीस कधी आलीच नाही. समोर आला तो स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म. स्वतःहून निवृत्त होणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कपातीतला नसतो. मग नोटीस नको, परवानगी नको, सरकारने विचारायचे कारण नको. आम्ही ज्या गिरणीत होतो तिथे साहेब एकेकाला आत बोलवायचे, चहा पाजायचे, "भाऊ, उद्या हेही मिळणार नाही" म्हणायचे. फॉर्मवर एकच ठोक रक्कम लिहिलेली. तिच्यात ग्रॅच्युइटी धरलेली, रजेचा पगार धरलेला, कुणाकुणाला तर फंडही त्यातच सांगितला. अहो, ते तर आपलेच साठलेले पैसे! ते बाजूला काढल्यावर नोकरी सोडण्याचे म्हणून किती उरले, ते बघून मग काय ते ठरवायचे. कुणाला मुलीचे लग्न असते, कुणावर कर्ज असते. सही करणाऱ्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण कागद घरी आणा, दोन रात्री ठेवा. साहेब म्हणेल आजच सही पाहिजे, तर समजा की घाई त्याला आहे.

मुदतीच्या नेमणुकीवरच्या मुलांनीही लक्षात ठेवा. मुदत संपून नोकरी गेली तर नवी संहिता तिला कपात मानत नाही. नेमणुकीचे पत्र मिळाले त्याच दिवशी त्यातली तारीख वाचा.

माता-भगिनींनो, सही करून घ्यायचे टपाल घरी तुमच्याच हातात पडते. भीतीने पाकीट परत करू नका. नाकारलेले पाकीटही मिळाले असेच कोर्ट धरते, आत काय होते ते मात्र आपल्याला कळत नाही. घ्या, वरची तारीख जपा. इंग्रजीत असेल तर कॉलेजातल्या मुलीकडून वाचून घ्या. पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरी कार्ड चुलीत घालू नका; वर्षात २४० दिवस भरले हे त्यावरच सिद्ध होते. शेवटी आला तो आधी जाणार, हा नियम आहे, म्हणून कोण कधी लागला याची यादी मागा. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारले पाहिजे. नव्या संहितेप्रमाणे कपात झालेल्याला १५ दिवसांचा जादा पगार ४५ दिवसांत खात्यावर मिळायचा आहे, तोही मागा. आणि कामावरून काढल्याची तक्रार दोन वर्षांच्या आत झाली पाहिजे. पूर्वी तीन वर्षे होती.

दर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या ओट्यावर बसतो. कुणाकडे असा कागद आला असेल तर घेऊन या, पाकिटासकट. जयभीम.