फुगा काय सांगतो



भंडारदऱ्याचा जलाशय, मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर, शेवगाव-नेवाशाला टेकलेलं नाथसागराचं पाणी. आपल्या जिल्ह्यात बोटी आहेत आणि बोटींच्या मागे टांगलेली जुनी टू-स्ट्रोक मशिनंही आहेत. मला खरी काळजी वाटते ती पुरासाठी ठेवलेल्या मशिनांची. कोपरगावात गोदावरी पात्र सोडते ते मोजके दिवस; बाकी वर्षभर मशिन शेडमध्ये आणि पेट्रोल टाकीत पडून.

अशा मशिनाची तक्रार ठरलेली. दोरी ओढली की चालू होतं, थोडं पळतं आणि भर पाण्यात दम टाकतं. मग लोक थेट कार्बोरेटर खोलतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, सुरुवात टाकीपासून करा. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल, तर पेट्रोल उतरेल तसा आत ओढा तयार होतो आणि पुढे थेंब सरकत नाही. झाकण सैल करताच मशिन सावरलं, तर दुखणं तेवढंच.

नंतर नळीतला रबरी फुगा बघा. चालत्या मशिनाचा फुगा चपटा पडला, तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. जाळी तुंबलेली असते, नाहीतर नळीचं आतलं अस्तर सुटून आडवं आलेलं असतं. वरून ती नळी नवीकोरी दिसते. कितीही दाबला तरी फुगा घट्ट होत नसेल, तर जोडावर हवा घेतोय किंवा त्यातला व्हॉल्व्ह गेलाय. आणि फुगा दाबत राहिलं की मशिन पळतं, सोडलं की पडतं, असं असेल तर पंपाचा पडदा फाटलाय. क्रँककेसमधला दाब चढतो-उतरतो, त्यावर हा पातळ पडदा हलतो; बारीक चीर गेली तरी पेट्रोल पुरत नाही.

इथवर सगळं ठीक असेल तरच कार्बोरेटर खोला. जेटमध्ये तार मात्र घालू नका, भोक मोठं होतं.

आता खुद्द पेट्रोलाबद्दल, आणि त्यात मिसळणाऱ्या आपल्या उसाबद्दल. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आज जिल्ह्यातले कारखाने इथेनॉल काढतात. २००१ मध्ये मनमाड आणि मिरजेला पेट्रोलात ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग झाला होता, आता पंपावर २० टक्के मिळतं. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, ते मला हवंच आहे. पण जुन्या मशिनांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. नळीचं तोंड तळाशी! बिनऑइलचा तो थर आत गेला, तर पिस्टन जाम होतो.

म्हणून मे महिन्यातच जुनं पेट्रोल काढून टाका, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात ऑइल घालून ताजं भरा. ड्रममधल्या पाण्यात चालवून समाधान मानू नका. मंद चालीला पेट्रोल फारच थोडं लागतं, त्यामुळे अडथळा तिथे कळत नाही. बोटीत माणसं बसवा आणि पूर्ण थ्रॉटलवर धरणात लांब फेरी मारा.