आजीचं बोलणं ऐकू आलं पाहिजे

साथींनो, चौलला डोंगराखालच्या वाडीवर आम्ही आजीचं बोलणं कॅमेऱ्यात घेतलं. चित्र झकास, पण ऐकू आला नुसता खारा वारा. दळी कोण कसत होतं, तेच बुडालं.

वनहक्काच्या २००८ च्या नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा धरलाय, पण लेखी. ऐकू आलं तरच शब्दन्‌शब्द उतरवता येईल.

स्वस्त कॅमेऱ्याचा माईक त्याच्या अंगातच असतो. झूम केल्यानं चित्र जवळ येतं, आवाज नाही. म्हणून हातभर अंतरावर बसायचं, कुडाच्या आडोशाला. माईकवर स्पंजचा तुकडा लावायचा. कॅमेरा पाटावर ठेवायचा. हात हलला की खरखर येते. मिनिटभर घेऊन इअरफोननं ऐकायचं, मगच आजीला बोलतं करायचं.

म्हातारी माणसं पुन्हा सांगायला कायम नसतात. जिंदाबाद!