दुकान वेगळं, मालक वेगळा

(वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी काहीजण उर्दू माध्यमातून आले आहेत, काही मराठी माध्यमातून. अकाउंटन्सीचं पुस्तक मात्र इंग्रजीत आहे आणि पहिल्याच आठवड्यात डेबिट-क्रेडिट सुरू होतं. अनेकांची गाडी तिथंच अडते. मग नियम पाठ करायचे, फळ्यावरची उदाहरणं उतरवायची आणि कसंबसं पास व्हायचं, एवढंच उरतं. म्हणून आज मी एकाच तत्त्वाबद्दल बोलणार आहे. ते नीट कळलं की पुढचं बरंच सोपं होतं.

आधी भाषेची भीती घालवू. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत रुळले. तुमच्या घरच्या बोलीतही ते आहेतच. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. डेबिटला मराठीत 'नावे' म्हणतात आणि क्रेडिटला 'जमा'. हा विषय आपल्याला परका नाही.

आता ते तत्त्व. हिशेबाच्या दृष्टीनं दुकान वेगळं आणि मालक वेगळा. दुकान अब्बूंचं असलं तरी वहीत दुकान ही स्वतंत्र व्यक्ती मानायची.

आपल्याकडे काय होतं? गल्ला एकच असतो. त्यातूनच माल येतो, त्यातूनच घरचा किराणा, धाकट्याची फी आणि चुलत बहिणीच्या लग्नातला आहेर. वर्षाअखेरीस विचारलं, 'धंदा कसा चाललाय?' तर उत्तर येतं, 'शुक्र है, चल रहा है.' शुक्र जरूर मानावा, पण त्यातून नफा किती झाला ते कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्यातल्या एकीनं घरात शिवणकाम सुरू केलं. स्वतःचे ३०,००० रुपये घातले, मामूंकडून २०,००० उसने घेतले. २४,००० ची मशीन घेतली, १६,००० चं कापड, अस्तर, दोरे घेतले. १०,००० रोख उरले. दुकानाकडे जे आहे त्याची बेरीज ५०,०००. दुकान जे देणं लागतं त्याचीही बेरीज ५०,०००: मामूंचे २०,००० आणि मालकिणीचे ३०,०००. मालकिणीचं भांडवल हेसुद्धा दुकानाच्या दृष्टीनं देणंच आहे. हे पटलं की ताळेबंदाच्या दोन बाजू समान का असतात, हे पाठ करावं लागत नाही.

पहिल्या महिन्यात १८,००० चं काम झालं. १२,००० रोख मिळाले, ६,००० उधारीवर राहिले. ६,००० चं सामान वापरलं गेलं. विजेचे १,००० भरले. मशीन ४ वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याचा घसारा ५००. नफा झाला १०,५०० रुपये. याच महिन्यात तिनं गल्ल्यातून ४,००० घरच्या राशनसाठी घेतले. हा दुकानाचा खर्च आहे का? नाही. ही मालकिणीची उचल. नफा १०,५०० च राहतो, फक्त तिच्या भांडवलातून ४,००० वजा होतात.

आता महिन्याअखेरचा ताळेबंद पाहा. रोख १७,०००, येणं ६,०००, शिल्लक सामान १०,००० आणि मशीन २३,५००. एकूण ५६,५००. दुसऱ्या बाजूला मामूंचे २०,००० आणि भांडवल ३६,५००. एकूण तेवढेच. नफा १०,५०० असूनही रोख ७,००० नंच वाढली, हेही इथं दिसतं. नफा आणि हातातले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न कळल्यामुळे चांगले चाललेले धंदेही अडचणीत येतात.

प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, ही पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या लुका पॅचिओलीच्या ग्रंथात मांडलेली आहे. त्यानं ती शोधली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. नियम थोडक्यात असा: मालमत्ता किंवा खर्च वाढला की नावे, देणं, भांडवल किंवा उत्पन्न वाढलं की जमा. कमी झालं की उलट.

इथं हमखास एक प्रश्न येतो. 'सर, खात्यात पैसे आले की बँकेचा मेसेज क्रेडिट म्हणतो. मग आपल्या वहीत डेबिट का?' कारण तो मेसेज बँकेच्या वहीतला आहे. तुमची ठेव हे बँकेचं देणं, म्हणून तिच्याकडे जमा. तीच रक्कम तुमची मालमत्ता, म्हणून तुमच्याकडे नावे. नोंद करण्याआधी विचारा, ही वही कुणाची?

हाच प्रश्न पुढे नेऊ. आपल्या उदाहरणात काज-बटणं कुणी केली? बहुधा अम्मीनं, रात्री सगळं आवरल्यावर. तिला मजुरी दिलेली नाही, म्हणून वहीत तिचं नाव नाही. तिला महिन्याला ३,००० दिले असते, तर नफा ७,५०० दिसला असता. म्हणजे १०,५०० मधले ३,००० तिच्या कष्टाचे आहेत. बेकरीत, गॅरेजमध्ये, मागावर राबणाऱ्या घरच्या मुलांचंही असंच होतं. ज्याचा मोबदला ठरला नाही, त्याचं काम वहीत येत नाही. मग वाटणीच्या वेळी 'तिनं काय केलं?' असं विचारणं सोपं जातं. घरात मोबदला ठरवा आणि तो लिहा. न्यायाची ती साधी सुरुवात आहे.

वहीचा बाहेरही उपयोग आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेत लहान व्यवसायांना तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत, 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत. बँकेपुढे विक्री, येणी, देणी कागदावर मांडता आली तर तुमचं म्हणणं वजनदार होतं. नुसती वही दाखवली की कर्ज मिळेलच असं नाही. पण वहीच नसेल तर आपली बाजू मांडायची कशाच्या आधारावर? मग महागड्या व्याजाच्या खासगी सावकाराकडे पाय वळतात.

शेवटी एक काम देतो. घरात दुकान, हातगाडी, रिक्षा, शिकवणी, काहीही असेल तर या महिन्याच्या १ तारखेपासून एक वही घाला. आलेले पैसे, गेलेले पैसे, उधारी आणि घरासाठीची उचल, एवढे चार रकाने पुरेत. रोज रात्री १० मिनिटं. महिनाअखेरीस ती वही अब्बू-अम्मींसमोर ठेवा आणि तिघं मिळून वाचा. परीक्षेचं पुस्तक त्यानंतर उघडा. तिथली बरीच पानं ओळखीची वाटतील.