सच्चर अहवाल, पण कोणत्या पानावर?

(धामणगाव रेल्वे येथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कोड लिहिणं हे माझं काम, पण त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांचा कोड वाचण्यात जातो. संशोधन पद्धती तुमचे प्राध्यापक माझ्यापेक्षा चांगली शिकवतील. मात्र सुट्टीत इकडे आलो की एम.ए., एम.एस.डब्ल्यू. करणारी मुलंमुली लघुप्रबंधाचा कच्चा खर्डा घेऊन येतात. ‘भाई, एकदा नजर टाका ना.’ ते खर्डे वाचताना जे दिसलं, तेवढंच आज बोलतो.

यातले बरेच विषय आपल्याच समाजाचे असतात. मुस्लीम मुलींचं शिक्षण, शिष्यवृत्ती योजना, बेरोजगारी. आणि पहिल्या प्रकरणात हमखास एक वाक्य असतं: सच्चर समितीच्या मते मुस्लीम समाज शिक्षणात मागे आहे. मी विचारतो, कोणत्या पानावर? समोरचा गप्प. वाक्य दुसऱ्याच्या प्रबंधातून आलेलं, त्याने तिसऱ्याच्या प्रबंधातून घेतलेलं. अहवाल कोणीच उघडलेला नाही.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ चा आहे. चारशेच्या वर पानं, इंटरनेटवर फुकट. चौथं प्रकरण शिक्षणाचं. ते उघडलं की पहिला धक्का मदरशांबद्दल बसतो. मुसलमानांची बहुतेक पोरं मदरशात जातात, हे तुम्ही बस स्टँडवरही ऐकलं असेल आणि कॉलेजातही. अहवालात शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी मदरशात जाणाऱ्यांचं प्रमाण तीन ते चार टक्के आहे. तीन की चार? शिकत असलेल्या मुलांपैकी मोजलं की शाळेच्या वयाच्या सगळ्या मुलांपैकी, यावर ते ठरतं. शिवाय अहवाल मक्तब आणि मदरसा वेगळे धरतो. सकाळी मशिदीत कुरआन शिकून मग दप्तर घेऊन शाळेत जाणारं मूल मक्तबचं. त्याला मदरशाचा विद्यार्थी मोजलं तर सगळा हिशेब चुकतो.

आता बघा, या एका पानात किती गोष्टी शिकायला मिळाल्या. आकडा कोणाचा, शब्दाची व्याख्या काय, कोणाला मोजलं आणि कोणाला नाही. प्रबंधासाठी वाचणं म्हणतात ते हेच. आपल्याबद्दल इतके लोक इतकं बोलतात, निदान आपण तरी मूळ कागद बघून बोलावं, असं मला वाटतं.

ही सवय आपल्याला परकी नाही. हदीस कोणी सांगितली की जाणकार सनद विचारतात: तुम्ही कोणाकडून ऐकली, त्यांनी कोणाकडून? साखळीतला एक माणूस कच्चा निघाला तर हदीस कमजोर ठरते. आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी नातं असलेल्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्रासाठी चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या. तळटीप म्हणजे हीच सनद. विद्यापीठाने मागितली म्हणून शेवटच्या रात्री चिकटवायची गोष्ट नाही ती.

आता वाचायचं कसं, कारण खरी अडचण इंग्रजीची. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्याला पहिली वीस पानं जीव काढतात. पुढे सोपं जातं, कारण एका विषयाचे शब्द मोजकेच असतात आणि तेच फिरून येतात. त्यांची यादी वहीच्या मागच्या पानावर करत जा. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू नका. आधी प्रस्तावना, मग निष्कर्ष, मग तक्ते. तुमच्या प्रश्नाशी संबंध असेल तरच आतलं प्रकरण. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर, मला काय शंका आहे, आणि पान नंबर. पान नंबर त्याच क्षणी लिहा. नंतर शोधायला गेलात तर अख्खी दुपार जाते.

नोंद करताना पुस्तक मिटा आणि आपल्या मराठीत लिहा. मिटून लिहिता येत नसेल तर समजलेलं नाही, परत वाचा. वाङ्मयचोरी टाळायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. यूजीसीचा २०१८ चा नियम कडक आहे. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, साठपर्यंत असेल तर वर्षभर सादरच करता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणी रद्द.

चॅटजीपीटीबद्दल तुम्ही विचारणारच. मी रोज वापरतो. अवघड परिच्छेद समजून घ्यायला बरं आहे. पण संदर्भ मागितले तर ते कधीकधी लेखकाचं नाव, साल, प्रकाशक सगळं छान देतं आणि असं पुस्तक जगात नसतं. म्हणून जे उघडून पाहिलं नाही ते यादीत घालायचं नाही. शोधगंगावर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध मोफत आहेत. तिथून एखादा चांगला प्रबंध घ्या आणि प्रकरणांची मांडणी बघा.

विषय लहान घ्या. ‘भारतातील मुस्लीम महिलांचे शिक्षण’ हा विषय सच्चर समितीलाही एका प्रकरणात पुरला नाही, तुम्हाला ऐंशी पानांत काय पुरणार? धामणगावातल्या दोन शाळांतून दहावी पास झालेल्या मुली पुढे कुठे गेल्या, हा विषय घ्या. शाळेचं रजिस्टर आहे, मुली आहेत, त्यांच्या अम्मी आहेत. अमरावतीच्या बसचा पास, वसतिगृह, घरातलं लग्नाचं बोलणं, यातलं नेमकं काय आडवं आलं? सच्चर अहवालात आपला तालुका वेगळा काढून दिलेला नाही. ती जागा रिकामी आहे. परवानगीचं पत्र आधी घ्या, आणि मुलींची खरी नावं प्रबंधात घालू नका. लहान गावात लोक लगेच ओळखतात.

लिहिताना प्रस्तावना शेवटी लिहा. सुरुवात तक्त्यापासून करा: या तक्त्यात मला काय दिसतं? आमच्याकडे कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तसं एकमेकांचं प्रकरण वाचा. प्रत्येक वाक्यापुढे ‘कशावरून?’ एवढंच लिहून परत द्या. सुरुवातीला राग येतो, पण वाक्य सुधारतं.

आणि मार्गदर्शकांनी प्रकरण परत पाठवलं तर घरी तोंड पाडून बसू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनचा डी.एस्सी.चा प्रबंधसुद्धा परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला, १९२३ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. त्याची प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली आणि तिच्यात आपले मतभेद उघड नोंदवले. गुरूला न पटलेलं मत पुराव्यानिशी मांडलं होतं, म्हणून ते टिकलं.

बोलणं पुरे झालं. चौथ्या प्रकरणाच्या झेरॉक्स प्रती मी आणल्या आहेत. चहा घ्या, मग दोघा-दोघांत बसून पहिली दहा पानं वाचू. पेन्सिल आणि वही बरोबर ठेवा, मोबाइल पिशवीत.